दाताच्या दवाखान्यातली झोप

प्रिय चिमे,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू ‘मीटिंग आहे’ म्हणून मला पहिल्या वाक्यातच तोडतेस, म्हणून लिहायला बसले. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

माझी दाढ तुटली एवढंच तुला कळवलं होतं. कशी तुटली ते सांगितलं नव्हतं, कारण तू हसली असतीस. आता हस. ती मीच तोडली, झोपेत, दातांवर दात आवळून. दिवसभर कंपनीच्या तक्रार विभागात बसायचं, कुणाच्या कपाटाचं दार लागत नाही, कुणाचा पलंग करकरतो, त्या सगळ्यांची गोड आवाजात माफी मागायची, आणि तोंडावर आलेली खरी उत्तरं रात्री चावत बसायचं. तुझे भावजी म्हणायचे, उशाशी कुणीतरी खडी दळतंय असं वाटतं.

त्याच्या कितीतरी आधीपासून अंगाची कुरकुर चालू होती. डावी पापणी फडफडायची. नव्या हिशेबनिसाला वाटलं, मी डोळा मारतेय. बिचारा माझ्या टेबलासमोरून जायचं सोडून मागच्या जिन्याने फिरून जायला लागला. केस गळत होते. रात्रभर झोपून उठलं तरी पोती वाहिल्यासारखं अंग दुखायचं. एकदा जेवताना भावजी भाजीत मीठ कमी आहे म्हणाले, तर माझ्या तोंडून निघालं, “आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.” मला वाटलं ते हसतील. ते घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, आमच्या वेळी दमायला सवड नव्हती. मला ते पटलं. मीही दमणं पुढे ढकललं.

मग दाढ तुटली. दाताच्या डॉक्टरांनी खुर्ची मागे झुकवली, आ करायला सांगितलं, मी आ केला आणि तशीच झोपले. भुलीचं इंजेक्शन अजून बाटलीतच होतं. लोकांना त्या खुर्चीच्या नावाने घाम फुटतो, मला मात्र कित्येक महिन्यांनी आडवं होऊन गप्प राहायची सोय मिळाली होती. डॉक्टर आधी घाबरले, नाडी बघितली, पण मी घोरायला लागल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. दोनदा हलवूनही उठेना, तेव्हा त्यांनी बाकीचे पेशंट शेजारच्या खुर्चीत घेतले आणि मला थंडी वाजू नये म्हणून एक्स-रेच्या वेळी घालतात तो जड एप्रन अंगावर घातला. जाग आली तेव्हा समोर स्टुलावर तुझे भावजी, डॉक्टरांनीच त्यांना बोलावून घेतलं होतं. डॉक्टर मला म्हणाले, “दाढ मी बसवून देतो. पण तुमचं एवढ्यावर भागणार नाही.”

त्यांनीच आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या आणि मी हिरमुसले. एवढं दमल्यावर काहीतरी निघायला नको का? बाई म्हणाल्या, कुणीतरी अंगावर धावून येतंय अशा तयारीत शरीर वर्षानुवर्षं उभं राहिलं, की बसायचं कसं ते विसरतं. रिपोर्टात दिसलं नाही तरी दुखणं खरंच आहे, तुम्ही नाटक करत नाही. त्या शेवटच्या वाक्याला मला रडू कोसळलं.

रजा घेतली. वाटलं होतं, चार दिवसांत टुणटुणीत होईन. कसलं काय, थांबल्याबरोबर सर्दी, ताप, पाठदुखी, सगळी मंडळी इतके दिवस दाराबाहेर ताटकळल्यासारखी एकदम आत शिरली. ऑफिस माझ्यावाचून बंद पडलं नाही, याचंही मनापासून वाईट वाटलं. माझ्या जागी त्याच हिशेबनिसाला बसवलं होतं. काही आठवड्यांत त्याचीही पापणी फडफडायला लागली, तेव्हा कुठे साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. आता ते काम दोघांत वाटलंय. मी अजून पूर्ण बरी नाही, जिना चढताना मध्ये टेकावं लागतं. पण भावजी बडबडतात ते आता माझ्या कानावर पडतं. मध्यंतरी तेही पडत नव्हतं.

आता खरं सांगते. परवा तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता. म्हणाला, “ताई, ती ऑफिसातून येते, खाली गाडी लावते आणि आतच बसून राहते. गाणी नाहीत, फोन नाही. मी खिडकीतून बघतो. खाली जावं की नाही, तेच कळत नाही.” वर आल्यावर तू रस्त्यात गर्दी होती म्हणतेस, आणि तो हो म्हणतो. त्याच्यावर चिडू नकोस. मला तुला काही शिकवायचं नाही. शनिवारी मी येतेय. घर आवरू नकोस, स्वयंपाकाला लागू नकोस. तू खाली गाडीत असलीस तर शेजारचं दार उघडून दे, मी येऊन बसेन. बोललंच पाहिजे असं काही नाही.

शनिवारी हमखास येणारी, तुझीच,
ताई