न सांडलेलं पाणी

आन्लोगा, ११ मार्च

लाडक्या झिफा,

बापाचे आशीर्वाद. दवाखान्यात रात्रपाळी असली तर जेवून जात जा. इथे कांदा बरा आलाय, पण वारा असाच राहिला तर वाफ्यांत वाळू भरेल. फोनवर मी भलतंच बोलतो, म्हणून लिहितोय.

शनिवारी सेलासीकडची माणसं तुला मागणी घालायला आली. त्याचे काका आग्बेको, दोन आत्या, आणि रीतीची दारूची बाटली. तुझ्या भावाची पोरगी यायरा पाणी घेऊन आली. पूर्वजांसाठी थोडं पाणी जमिनीवर सोडायला आग्बेको ग्लास कलता करणार, एवढ्यात पोरगी ओरडली, "थांबा आजोबा, गंमत बघा!" तिने त्यांच्या हातातून ग्लास घेतला, वर पुठ्ठ्याचा तुकडा दाबला, ग्लास उलटा केला आणि खालचा हात काढून घेतला.

थेंबही पडला नाही.

पूर्वजांचं पाणी खाली येईना!

"पूर्वज रागावले," धाकटी आत्या म्हणाली.

"कुणी नाही रागावलं," यायरा म्हणाली. "हवा खालून पुठ्ठा दाबून धरते. शाळेत बाईंनी दाखवलंय. हवेत खूप जोर असतो."

"एवढा जोर आहे तर माझी होडी का ढकलत नाही गं?" आग्बेकोंनी विचारलं.

"शीड लावता का तुम्ही?"

थोरली आत्या हसून हसून बाकावरून घसरली. मग आग्बेकोंनी स्वतः करून बघितलं. पुठ्ठा सरकला, सगळं पाणी त्यांच्या मांडीवर. "घ्या, पूर्वजांचा वाटा मलाच मिळाला!" म्हणाले.

तेव्हाच मी बाटली ठेवून घ्यायला हवी होती आणि तुला विचारून कळवतो म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "असं पाणी अडणं बरं नाही. कौल घ्यावा लागेल. पावसाळ्यापर्यंत थांबा." त्यांचे चेहरे उतरले. ओल्या कपड्यांनिशी आग्बेको बाटली घेऊन परत गेले.

पोरी, कौल मी कुणाचाच घेतला नाही. पाणी अडलं तेव्हा भीती वाटली, आणि त्या भीतीत जरा बरंही वाटलं. अक्राहून तू महिन्याला तरी येतेस. लग्नानंतर सेलासीच्या ताकोराडीहून, एवढ्या लांबून, कशी येशील? एवढंच. सेलासीत खोट नाही.

यायरा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिला वाटतंय, तिच्यामुळे तुझं, तिच्या आत्याचं, लग्न मोडलं. ती कोपऱ्यात बसून राहते, ते मला बघवेना. काल आग्बेकोंकडे स्वतः गेलो. सांगितलं, पूर्वजांची हरकत नव्हती, माझी होती, आता नाही. ते एवढंच म्हणाले, "मलाही मुली आहेत."

रविवारी ते परत येतील. तू ये. रीतीप्रमाणे सगळ्यांसमोर मी तुला तीनदा विचारीन, बाटली घेऊ का. तू हो म्हणालीस तरच घेईन. माझ्या तोंडाकडे न बघता उत्तर दे.

तुला जा म्हणायला वेळ लागलेला,
तुझा पापा