आईची छत्री आणि मामांचं ऊन

प्रकाशा,
चैत्र वद्य पंचमी, शके १८८५

तीर्थरूप दगामामांच्या चरणी भाचा पितांबर याचा लांबूनच साष्टांग दंडवत. (जवळून घातला तर तुम्ही पाठीला तेल चोळाल.)

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तिकडे तुम्ही आणि तापीमामी खुशाल असालच. तुमच्या अंगणात दिवसभर ऊन असतं आणि ऊन हे सगळ्या रोगांवरचं औषध आहे असं तुम्हीच सांगता, तेव्हा तुमच्याकडे यायची आजाराची छाती होणार नाही. मामींच्या गुडघ्याचं तेवढं कळवा. तुम्ही बिब्बा लावल्यावर जो फोड आला होता तो बसला, की औषध अजून लागू पडतंय?

तुमचं कार्ड परवा मिळालं. कार्ड असल्यामुळे ते आधी टपाल कचेरीत वाचलं गेलं, मग वाटेत, मग शेजारच्या भुरीबाईने कोणाकडून तरी वाचून घेतलं, आणि शेवटी शिल्लक राहिलं ते आमच्याकडे आलं. अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, नेहमीसारखा स्वतः गाडी घेऊन बहिणीला न्यायला येतो, असं तुम्ही लिहिलंय. ते ऐकून आई दिवसभर गालातल्या गालात हसत होती. पुढची ओळ मी गाळणार होतो, पण भुरीबाईने ती आधीच पोचवली होती. जसोदाने छत्री घेऊन आमच्या वेशीत येऊ नये, चारचौघांत मला मान खाली घालावी लागते, ही ती ओळ. आईने छत्री मिटली आणि मला खुंटीला अडकवायला लावली. दगा म्हणतो तर बिनछत्रीची जाईन, म्हणाली. मामा, तुमच्या शब्दाला या घरात एवढी किंमत आहे. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरच्या शब्दाला निम्मीसुद्धा नाही, आणि तो बिचारा शिकायला विलायतेपर्यंत जाऊन आला.

तुम्हाला सगळं ठाऊकच आहे. तरी उन्हाने माणसाची स्मरणशक्ती सुकते असं हल्ली माझ्या पाहण्यात आलंय, म्हणून पहिल्यापासून लिहितो. आईचे सांधे धरायला लागले तेव्हा सकाळी तिची बोटं मिटत नसत. भाकरी थापताना मधेच हात टेकून बसायची. अंग सगळं कुटून काढल्यासारखं झालंय म्हणायची. त्यावर तुमचा निरोप आला की थंडीचा वात आहे, रोज उन्हात बसवा. आम्ही आज्ञाधारक माणसं. रोज सकाळी आईसकट बाज अंगणात न्यायची आणि ऊन सरकेल तशी बाज सरकवायची, हा आमच्या घरचा नेम झाला. (माझी बायको धनू म्हणायची, देवघरातल्या समईकडे कोणी एवढं लक्ष देत नाही.) संध्याकाळी आईला ताप भरायचा. ते तुम्हाला कळवलं की तुमचा उलट निरोप यायचा, ऊन कमी पडलं. वर भुरीबाई रोज मोहाचं तेल घेऊन हजर. तिचा हात म्हणजे कपाशीच्या गाठी बांधणारा हात. आई नुसत्या स्पर्शाने कळवळायची, त्यावर भुरीबाई सांगायची की वात बाहेर निघतोय, त्याचा हा आवाज आहे. वात किती निघाला माहीत नाही, आई मात्र न्हाणीत जाऊन रडायची.

मग गेल्या वर्षीची अखाजी आली. माहेरपण करून तुम्ही आईला परत सोडायला आलात, आणि गाडी घराकडे आणायच्या ऐवजी सरळ तापी नदीवर नेलीत. वैशाखातली भर दुपार. ज्या वाळूत गाढवंसुद्धा उभी राहत नाहीत त्या वाळूत तुम्ही स्वतःच्या हातांनी खड्डा केला, सख्ख्या बहिणीला कमरेपर्यंत पुरलंत आणि वरून वाळू थापलीत. मी आणि धनू धावत पोचलो तोवर बघे जमले होते. त्यांना तुम्ही मोठ्या अभिमानाने सांगत होतात की आमची आई रानात गेली की ही जसोदाच मला कडेवर घेऊन फिरायची, पोराला ऊन लागू नये म्हणून पदराखाली झाकून न्यायची, तिचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. हे सांगता सांगता तुम्ही तिच्या पायांवर आणखी वाळू ओढत होतात.

पुढे जे झालं ते आमच्या या प्रकाशा गावातच होऊ जाणे. त्या दिवशी देवदर्शनाला आलेली यात्रेकरूंची एक टोळी नदीवर उतरली होती. भर उन्हात वाळूत रोवून घेतलेली, डोळे मिटलेली, ओठ हलवणारी बाई पाहिल्यावर कोणीही भाविक जे करील तेच त्यांनी केलं. (ओठ हलत होते ते ती पाणी मागत होती म्हणून.) एकीने हळदकुंकू वाहिलं. एकाने नारळ फोडला. एका म्हातारीने, बाई केव्हापासून तपाला बसल्यात, म्हणून तुम्हालाच विचारलं. तुम्ही खरं सांगाल असं मला वाटलं होतं. तुम्ही खोबऱ्याचे तुकडे करून वाटायला घेतलेत. मी आईला उपसायला लागलो तर तपाचा भंग करतो म्हणून दोघांनी माझे दंड धरले. शेवटी धनू पुढे होऊन, देवीची वेळ झाली, देवी उठणार, असं ओरडली तेव्हा रस्ता मिळाला. (तुम्ही मला सांगत असता की तुझी बायको बोलत नाही. वेळ आली की बोलते.)

दुसऱ्या दिवशी आईच्या दोन्ही गालांवर आणि नाकावर लालभडक चट्टा उठला. गल्लीतल्या बायका येऊन कौतुक करून गेल्या की बघा, वाळूचा कसा गुण आला, चेहऱ्यावर तेज चढलं. तेज चढता चढता ताप चढला, पाय सुजले, तोंड आतून सोललं, आणि आई अंथरुणाला खिळली. शहाद्याच्या डॉक्टरने नंदुरबारला धाडलं, नंदुरबारच्याने हात जोडून मुंबईला. तिथे रक्त काढून काढून त्यांना जे सापडलं त्याचं नाव ल्यूपस. अंगातलं रक्तच घरच्या माणसांवर उठतं, असं काहीतरी डॉक्टरने समजावलं. (मला लगेच समजलं. आपल्या भाऊबंदकीत वाढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.) हा आजार जात नाही, सांभाळावा लागतो, आणि उन्हाने खवळतो. आणखी एकदा असं ऊन लागलं तर मूत्रपिंडं जातील, असं त्याने मला बाहेर बोलावून सांगितलं. ल्यूपस या शब्दाचा लॅटिनमध्ये अर्थ लांडगा, असंही तो सहज म्हणाला आणि मी मूर्खासारखा घरी येऊन ते बोललो. दिवस मावळायच्या आत जसोदाबाईला सातपुड्यात लांडगा चावल्याचं सबंध गावाला माहीत झालं होतं. आई सातपुड्यात कधी गेली, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही.

गोळ्यांची तऱ्हा तर ऐकाच. डॉक्टरने ज्या गोळ्या दिल्या त्यातली एक मलेरियाची आहे. तिला मलेरिया नाही, पण या दुखण्यावर तीच चालते. आता आपल्याकडे भिंतीवर आकडे टाकत फिरणारे सरकारी मलेरियावाले येतात, त्यांच्यातल्या एकाला आईच्या हातात ती गोळी दिसली. या गल्लीतून मलेरिया गेला असं त्याने नुकतंच वर कळवलं होतं. तो एवढा घाबरला की त्याने आईचं रक्त घेतलं, माझं घेतलं, धनूचं घेतलं आणि चुकून तेल घेऊन आलेल्या भुरीबाईचंही घेतलं. त्या दिवसापासून भुरीबाई मालिशला येत नाही. सरकारच्या हातून आमच्या घराचं झालेलं हे सर्वांत मोठं काम.

दुसऱ्या एका गोळीने आईचा चेहरा चंद्रासारखा वाटोळा झाला. त्यावर लोक म्हणतात, बसून खाते आणि फुगते. आणि खरी गंमत पुढेच आहे. डॉक्टरने सांगितलं की बाईंना एक नाही, दोन दुखणी आहेत. दुसऱ्याला तो फायब्रोसायटिस म्हणाला. त्यात मांसात दुखतं, झोप लागत नाही, हात लावलेला सोसत नाही, आणि रक्तात, फोटोत, डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नाही. लांडग्यावर गावाने एका दिवसात विश्वास ठेवला. या दुसऱ्यावर अजून एकानेही ठेवलेला नाही. दिसत नाही ते दुखेल कसं, असं तुम्ही स्वतः आमच्या ओट्यावर बसून म्हणालात. आई आत भाजी निवडत होती. मामा, ओट्यावरचं आत ऐकू येतं.

आता छत्री. बाबांची जुनी काळी छत्री माळ्यावर होती, ती मी काढून आईला दिली. पावसाळ्याशिवाय छत्री उघडणारी बाई गावाने पाहिलेली नव्हती. गुरुजी उघडतात, तलाठी उघडतो, पण ते सरकारचे. त्यात आईला वळण जुनं. कोणी वडीलधारा समोर आला की डोक्यावर छत्री ठेवणं म्हणजे त्याचा अपमान, म्हणून ती मिटते. आणि आमच्या गल्लीत तिला दीर-सासरे लागणारे इतके की मारुतीच्या पारापर्यंत छत्री उघडी कमी आणि मिटलेली जास्त. बोटं सुजलेली, त्यामुळे मिटायला वेळ, उघडायला त्याहून वेळ, आणि तोवर समोरचा म्हातारा मान स्वीकारत उन्हात उभा. दोघंही भाजतात. मी म्हाताऱ्यांना हात जोडून सांगितलं की तुम्ही ओट्यावर बसू नका. तेव्हापासून जे कधी बसत नव्हते तेही बसतात.

एवढं सोसूनसुद्धा ती छत्री घेत होती. घराबाहेर पडत होती, देवळात जात होती, वाटेत दोन बायकांशी बोलत होती. तुमच्या कार्डाच्या एका ओळीने ते थांबलं. मला आता चेष्टा सुचत नाही मामा, मला भीती वाटते. चार कोस उघडी गाडी, वैशाखाचं ऊन, आणि वर बिनछत्रीची आई. ती तुम्हाला नाही म्हणणार नाही. मला मात्र परत आलेली आई उचलून आत न्यावी लागेल. गेल्या खेपेला न्यावी लागली, तेव्हा ती किती हलकी झाली होती हे मला कळलं.

असो. मोठ्यांना शिकवायचा माझा अधिकार नाही. मामींना नमस्कार सांगावा आणि लोभ ठेवावा. औषध ठेवू नये.

तुमचा आज्ञाधारक (आतापर्यंत),
पितांबर

ता. क. गाडी आणायचीच असेल तर बाजूंना बांबूच्या तट्ट्या बांधून, वर ताडपत्री टाकून आणावी, आणि दिवस कलल्यावर निघावं. ते जमत नसेल तर आणू नये. आईला काय सांगायचं ते मी बघेन.

ता. क. दुसरा. तुम्ही पाठवलेले बिब्बे मिळाले. ते पडवीत सुरक्षित आहेत. उंदीरही फिरकत नाहीत.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात आईने बोलावलं आणि पत्र पहिल्यापासून वाचून घेतलं. नदीवरच्या नारळाला हसली, भुरीबाईच्या रक्तालाही हसली. मग म्हणाली, "तू इतलं लिखं, पन माले दुखस हाई कोठे लिखं?" मी पानं उलटून पाहिली. सूज होती, ताप होता, लांडगा होता. मला दुखतं, हे तिचं साधं वाक्य कुठेच नव्हतं. मग तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो.

"दगाले लिख. मन्हं दुखस. दिसत नही, पन खरंच दुखस. तू बाकी काही करू नको. तू ये. आनि वेशीमा छत्री तूच मन्हा डोकावर धरजो. मंग कोन हासी?"

एवढं सांगून ती भिंतीकडे तोंड करून पडली. छत्री खुंटीवरच आहे मामा. खुंटी जरा उंच आहे, आईचा हात हल्ली तिथपर्यंत जात नाही. तुमचा पोचेल.