बाळासो शेवटच्या दिवशी का बसतो

उचगाव, ता. करवीर
३१ जानेवारी २०२५

ती. अक्कास अमरसिंहचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नको, हिकडं सगळी खुशाल हाईत. फोनवर तुला ऐकू येत न्हाय, आणि मी मोठ्यानं बोललो की आमच्या संयोगिता कारभारणीला वाटतंय बहीण-भावाचं भांडण लागलं. त्यापेक्षा आपला कागद बरा.

तर बातमी अशी, की तुझा भाऊ ह्या वयात जोर काढायला लागलाय. हसू नको. मी, बाळासो आणि शशिधर, शाळेपासनं आमचं त्रिकूट तुला ठावं हाय. नव्या वर्षाला बाळासोनं पैज काढली. रोज पहाटे मैदानावर जोर, बैठका, आणि दांडीला लोंबकळून हनुवटी वर न्यायची. सलग तीस दिवस खंड पाडायचा न्हाय. एक जण जरी कमी पडला, तरी तिघांनी पुन्हा पहिल्यापासनं सुरू करायचं. पहिल्या आठवड्यात मला जिना उतरताना पोरं धरत होती. शशिधरला तर दुकानात वरच्या फळीवरचं कापड काढायला हात उचलंना.

बाळासो मात्र वाघ. दिवाळीनंतर वहिनी वारल्या, लेक सासरी पुण्याला, माणूस बोलायचाच बंद झालता. पण जोराला वाकला की थांबत न्हाय. आणि काल, तिसाव्या, शेवटच्या दिवशी, आमचं दोघांचं झालं, त्याच्या चार-दोन बैठका उरल्या, आणि गडी चक्क मातीत बसला. न्हाय जमत म्हणाला. अंगाला धड घाम न्हवता, अक्का! आज पुन्हा पहिल्यापासनं. माझ्या तर डोक्याचा भुगा झालाय. तुला काय वाटतंय ते कळव.

माया हाय तशी राहू दे, काजूबरोबर वाढवून धाडलीस तरी चालंल.

तुझा,
अमरसिंह


ता. चंदगड
१२ फेब्रुवारी

चि. अमरसिंहास तानाअक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. हिथं काजूच्या बिया वेचून माझी कंबर धरलीया, आणि तू फुकट कंबर मोडून घ्यायला निघालास. संयोगिता बिचारी तेल चोळून दमली असंल.

बाळासोचं वाचून जीव कसनुसा झाला. ह्या वयात असं अचानक बसणं बरं न्हवं. साखर वाढली असंल. न्हायतर दृष्ट लागली असंल, आधीच दांडगा गडी, त्यात मैदानावर चारचौघात जोर काढतोय. मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत टाका आणि रक्तबी तपासून घ्या. दोन्ही करा, एकावर भरवसा ठेवू नका. आणि म्हणत्यातच की, तीन तिघाडा, काम बिघाडा. चौथा तरी घ्या, न्हायतर नाद सोडा.

गुडघं सांभाळ. माझ्यावर लोभ धरतोस, तसा त्यांच्यावरबी धर.

तुझी,
अक्का


उचगाव
२ मार्च

ती. अक्कास सा. न. वि. वि.

मीठ-मोहऱ्या उतरल्या. रक्त तपासलं. डॉक्टर बाळासोचा कागद बघून म्हणाले, हे ठणठणीत हाईत, तुमचंच तपासू का? मी गप घरला आलो.

आणि काल शेवटच्या दिवशी गडी पुन्हा बसला! शशिधरनं त्याला शिव्या घातल्या, त्याबी कन्नडमधनं, म्हंजे समज किती तापला असंल. आता शेवटची एकच खेप, म्हणाला, पाडवा झाला की पहाटे मला हाक मारायला कुणी येऊ नका. बाळासो ऐकून घेत हुता. मग उठला, माती झटकली आणि म्हणाला, चला, पोहे करतो.

हे आणखी एक. आम्ही बोलवायला जातोय तवा अंधारात त्याच्या घरचा दिवा लागलेला, दार उघडं, चहा तयार. मैदानावरनं आलो की पोहे. पोहे वाईट करतोय, पण उठू देत न्हाय. मी एकटा गाठून विचारलं, मुद्दाम बसतोस का? तर म्हणाला, मीठ कमी पडलं का पोह्यात? आता ह्याला काय म्हणायचं? खेळवतोय आम्हाला? रागावलाय? का दुःखानं डोक्यावर परिणाम झालाय? काय उलगडा होईना बघ. शशिधर सुटला तर आमची शाळेपासनंची दोस्ती तुटणार, ह्याची मला भीती वाटायला लागलीया.

वेड्या भावावर लोभ ठेव, शहाणं कुणी शिल्लक न्हाय.

तुझा,
अमरसिंह


ता. चंदगड
१२ मार्च

चि. अमरसिंहास आशीर्वाद.

तुम्हा दोघांच्या डोक्यात काय शेण भरलंय काय रे? आणि मी बी मेली, साखर न्हायतर दृष्ट लिहीत बसले.

तुझं दाजी गेलं तवा तेराव्यापर्यंत माझ्या दारात चपला मावत न्हवत्या. भावकीतल्या बाया कडू घास घेऊन यायच्या, जेवल्याबिगर उठू द्यायच्या न्हाईत. चौदाव्या दिवशी दार उघडलं तर पायरीवर एक चप्पल न्हाय. मी चूल पेटवली आणि सवयीनं पातेलंभर चहा टाकला. मग त्या चहापुढं बसून राहिले. त्या दिवसासारखी मी दाजींच्या मातीलाबी रडले न्हाय.

पैज संपली की तुम्ही काय करणार हाईसा? मी सांगते, सात वाजेपर्यंत घोरणार. मग बाळासोनं पहाटं कुणासाठी दिवा लावायचा? त्याला तोंडावर विचारू नको. गडीमाणूस हाय, सांगायचा न्हाय, आणि लाजून दार लावून घेईल. पुढचं तुझं तू बघ.

जास्त रागं भरले असंन तर पोटात घाल, पण लोभ कमी करू नको.

तुझी,
अक्का


उचगाव
१ एप्रिल

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

काल शेवटचा दिवस हुता. पाडव्याची पुरणपोळी अजून पोटात, आणि मनात एकच, की ह्या खेपेला बाळासोच्या आधी आपण बसायचं. शशिधरला मी कायबी सांगितलं न्हवतं, देवाशपथ.

पण झालं भलतंच. शशिधरचं बोलणं बाळासोनं मनाला लावून घेतलं असणार. त्यानं कुठं न थांबता सगळं पुरं केलं, आमच्याआधी. मग आमच्याकडं पाठ करून टॉवेलाची घडी घालत राहिला. एवढ्याशा टॉवेलाची घडी त्याला जमंना. मी तसाच बैठका मारत राहिलो. आणि तेवढ्यात, शेवटच्या दोन बैठका उरल्या असताना, शशिधर धपकन मातीत बसला. पायात गोळा आला म्हणाला. पाय धरून न्हाय, चांगला ऐटीत लांब सोडलेला, अक्का! मग मीबी बसलो. मलाबी गोळा आला म्हणून सांगितलं.

बाळासो आमच्याकडं बघतच राहिला, ह्याच्याकडं बघ, त्याच्याकडं बघ. आणि मग रडला. मोठ्यानं. वहिनींच्या मातीला ज्यानं डोळ्याला पाणी येऊ दिलं न्हवतं, तो आमच्या दोघांच्या मधी बसून रडला. शशिधरनं एक कन्नड शिवी घातली, स्वतःचं नाक पुसलं, आणि म्हणाला, उद्यापासनं पहिल्यापासनं, उशीर करू नका कुणी.

आणि ऐक. शनिवारच्या एस.टी.नं आम्ही तिघं तुझ्याकडं मुक्कामाला येतोय. खंड पडून चालत न्हाय, म्हणून रविवारचे जोर तुझ्या अंगणात. बाळासो विचारत हुता, अक्कांना चालंल का. मी सांगितलं, महिन्यातनं एक रविवार आता तिथलाच धरायचा.

ह्या खेपेला लोभ असावा असं लिहीत न्हाय. घ्यायलाच येतोय.

तुझा,
अमरसिंह