मी टाकीत उतरले नाही

बाबा,

आमचं जहाज कतारच्या रास लाफान बंदराबाहेर नांगर टाकून उभं आहे. डेकवरून तुम्ही काम करता त्या गॅस प्लांटची ज्योत दिसते. मी इतक्या जवळ आहे, हे फोन करून सांगून तुम्हाला चकित करणार होते.

काल सेकंड इंजिनियरनी मला आणि माझ्याबरोबरच्या ट्रेनीला, अवधूतला, रिकामी टाकी साफ करायला सांगितली.

"सर, आतली हवा तपासलेली नाही," मी म्हणाले.

"ऑफिसर व्हायचंय ना? मग यल्ला, चला, उतरा!"

मी उतरले नाही. अवधूत उतरला. तळाशी पोचला आणि गुडघ्यांवर कोसळला. बंद टाकीत ऑक्सिजन नसला तर वाचवायला जाणाराही मरतो, म्हणून अशा वेळी मागोमाग उतरायचं नाही, हेच आम्हाला शिकवलं होतं. मी वरून नुसत्या हाका मारत राहिले. पाठीवर हवेचे सिलिंडर लावून माणसं उतरली, तोवर तो गेला होता.

संध्याकाळी सेकंड इंजिनियर म्हणाले, "तो आपणहून उतरला, असं सांग. नाहीतर तुझं ट्रेनिंग खलास."

मी कॅप्टनना खरं ते सांगितलं. आता जेवताना माझ्याशेजारी कुणी बसत नाही. डोळे मिटले की अवधूत शिडी उतरताना दिसतो.

उद्या चौकशीला माणसं येतील. त्यांनाही हेच सांगायचंय आणि मग परत इंजिन रूममध्ये जायचंय. बाबा, मला जमेलसं वाटत नाही.

इथे रेंज आहे, पण हे पाठवणार नाही. वाचताच तुम्ही मला न्यायला याल, आणि मी निमूटपणे तुमच्याबरोबर निघेन.

तुमची,
अंतरा