ट्रक ड्रायव्हरचं गाव

अकेयोताई,

गायक ओकुमूची गाडी भावजींच्या ट्रकवर आदळली, की भावजींनीच पैसे घेऊन त्याला चिरडलं, यावर इथे किसुमू शहरातल्या बागेत रोज सभा भरते. कोर्टातल्या चौकशीत अजून एकही साक्ष झालेली नाही. काल मी बाकावर चढून म्हणालो, "निकाल देण्याआधी पुरावा तरी ऐका."

माझ्या प्रत्येक भाषणाला टाळ्या पिटणारा चहावाला म्हणाला, "वक्तेसाहेब, त्या ड्रायव्हरचं गाव कुठलं हो? नुसतं भेटून येऊ."

सगळे हसले. मीही हसलो, पण गाव सांगितलं नाही.

ताई, भावजींना घराबाहेर पडू देऊ नकोस. हे पत्र मात्र टाकवत नाही. पोस्टातला कारकूनही त्या सभेला येतो, आणि पाकिटावर भावजींच्या नावाखाली तुमचं गाव लिहावं लागेल.

तुझा धाकटा,
ओमोंडी