दुसरी किल्ली

२ मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद. काल मालक आपल्या घरी आले होते. बावीस वर्षं त्यांच्याकडे लिफ्ट दुरुस्त केल्या, कधी बस म्हणाले नाहीत. काल माझ्याच खुर्चीत बसून मला गुरुजी म्हणाले, तेव्हाच ओळखलं, काहीतरी अडलंय.

सहा मजली इमारतीची लिफ्ट तू बंद केलीस, मेन स्विचला कुलूप घातलंस आणि किल्ली देत नाहीस म्हणे. गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून ते हवालदिल झालेत. कुलूप माझंच, त्याची दुसरी किल्ली माझ्या कपाटात आहे हेही त्यांना ठाऊक. ती न्यायला दहा तारखेला माणूस पाठवणार आहेत. तुला मुकादम करायचं म्हणतात.

आई म्हणते, पोरीने हट्ट तुमच्याकडून उचललाय, तुम्हीच निस्तरा. लिफ्टचे दोर खरंच इतके वाईट आहेत का? की देऊन टाकू किल्ली? लगेच कळव.

तुझा,
बाबा

५ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. मालकांनी आधी कामावरून काढायची धमकी दिली. मी ऐकून घेतली. मग मुकादमाची खुर्ची दाखवली; खोटं कशाला बोलू, त्या दिवशी जेवणात लक्ष नव्हतं. तीही नको म्हटलं, तेव्हा त्यांनी तुम्हाला गाठलं. माणूस हुशार आहे.

चारपैकी दोन दोरांच्या तारा तुटल्यात, हात फिरवला की हातमोज्यात अडकतात. नवे दोर यायला पंधरा दिवस लागतील. पाचव्या मजल्यावरचे वकील मला शिव्या घालत जिना चढायचे. त्यांना तुटलेली तार दाखवली, तेव्हापासून गुपचूप चढतात.

पण तुम्ही कुलूप काढ म्हणालात तर मी काढेन, बाबा. तुमचा शब्द मी कधी मोडला नाही. म्हणून तेवढं म्हणू नका.

आईला सांगा, हट्ट नीट सांभाळलाय.

तुमचीच,
खारूताई

१० मार्च

लिफ्ट मेकॅनिक बाईंस,
सादर नमस्कार. मालकांचा माणूस सकाळी येऊन गेला. त्याला चहा पाजला आणि हात हलवत परत पाठवला. ज्याने कुलूप घातलं त्यानेच काढायचं, हा नियम मला मालकांनीच शिकवला होता, तो त्याच्याबरोबर त्यांना कळवला.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. असंच एक कुलूप मी त्यांच्या शब्दाखातर काढलं होतं. काही झालं नाही, उलट बढती मिळाली. पण त्या लिफ्टमध्ये मी स्वतः पुन्हा कधी पाऊल ठेवलं नाही. लोकांना जाताना बघायचो आणि जिना चढायचो.

दुसरी किल्ली याच पाकिटात आहे. जपून ठेव, मी मागितली तरी देऊ नकोस.

आईचं म्हणणं, लेकीला सादर नमस्कार जरा जास्तच झाला. मी तो खोडणार नाही.

तुझा,
बाबा