पंख्याचा आवाज राहू दे

सोलापूर, १२ एप्रिल २०२५

चि. मृत्युंजय यास अक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे सगळे ठीक. उन्हाने मात्र आत्ताच डोके वर काढले आहे. हे सगळे फोनवरही सांगता आले असते, पण अव्वाला लेकाचे पत्रच हवे. फोनवर तू नुसते हां-बरं करतोस, पत्र पुन्हापुन्हा वाचून घेता येते, असे तिचे म्हणणे.

तिच्या गळ्यातल्या गाठीचे ऑपरेशन १९ मे रोजी ठरले. गाठ साधी आहे, पण नंतर आवाज घोगरा होऊ शकतो, असे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले. म्हणून मी तिची पाळण्याची गाणी रेकॉर्ड करते आहे, कानडी आणि मराठी दोन्ही. मागचा रिक्षांचा, पंख्याचा आवाज काढायला तुझा जुना कॉम्प्युटर एका गाण्याला अख्खी दुपार घेतो. एखादे गाणे बिघडले तर तिच्या याच आवाजात पुन्हा घ्यायला वेळ उरायला हवा. तू त्या मशीनचा वेग वाढवायचास, तसे मला जमेल का? ही घाई अव्वासाठी आहे की मलाच थांबवत नाही, हे स्वतःला विचारून पाहिले. आता तुलाच विचारते.

तुझी,
महेश्वरीअक्का

जामनगर, १८ एप्रिल

ती. अक्कास शि. सा. न.

कॉलेजच्या ऑफिसात एकेक अर्ज तीनदा तपासणारी माझी बहीण ओव्हरक्लॉकिंग करणार, हे वाचून मी डब्यातली चपाती खाली ठेवली. पण खरे सांगायचे तर या कामाला तुझ्यासारखाच माणूस लागतो.

एका वेळी एकच गोष्ट बदल. आधी प्रोसेसर. मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बायोसच्या सेटिंगमध्ये वेग एक पायरी वाढव, तासभर ताण देऊन बघ, तापमान लिहून ठेव. ऐंशी अंशांच्या वर गेले की एक पायरी मागे. व्होल्टेज वाढवायचा मोह टाळ, सगळी आग तिथूनच लागते. हे स्थिर झाल्यावरच मेमरीला हात लाव, आणि तिच्याशी जपून. प्रोसेसर चुकला तर मशीन बंद पडते, आपल्याला कळते. मेमरी चुकली तर मशीन चालूच राहते आणि निमूटपणे चुकीचे लिहून ठेवते.

अव्वाला सांग, मी वेळेवर जेवतो. तुझा लोभ आहे त्याच वेगाने चालू दे.

मृत्युंजय

सोलापूर, २९ एप्रिल

चि. मृत्युंजय यास आशीर्वाद, वि. वि.

तू सांगितलेस तसेच केले. दुपारभराचे काम दीड तासावर आले. मी इतकी खूश झाले की अव्वाने माझी दृष्ट काढायचेच बाकी ठेवले.

आता वाईट बातमी. सकाळी चाचणी स्वच्छ येते. अकराला काम लावून मी कॉलेजला जाते. संध्याकाळी ऐकावे तर गाण्यात तडतड, जशी फोडणीत मोहरी. मेमरी एक पायरी खाली आणली, मग प्रोसेसरही. तरी तेच. त्यात भर म्हणजे बारशाचे गाणे रेकॉर्डरच्या कार्डावरून मशीनवर हलवायला लावून गेले होते. ते मुळातच तडतडले आणि कार्डावरचे पुसले गेले. अव्वा पुन्हा म्हणायला बसली, पण दुसऱ्या कडव्याशी ठसका लागला आणि पुढचे शब्दच आठवेनात. असू दे गं, म्हणाली. मला मात्र ते असू देता येत नाही. पंख्याच्या आवाजावरून मी तिच्यासमोर उगाच चिडचिडही केली. आवाज गाण्यात घुसतो, असे दोनदा तरी म्हणाले. तो काय तिचा दोष?

तुझी,
अक्का

जामनगर, ४ मे

ती. अक्कास शि. सा. न.

हा परिच्छेद अव्वाला वाचून दाखवू नकोस. सकाळी शुद्ध आणि दुपारी अशुद्ध, असे ओव्हरक्लॉकिंग घड्याळ बघून बिघडत नाही. दुपारी त्या खोलीत काही तरी बदलते. ऊन असेल, पण घरात तेव्हा कोण असते, तेही बघ. मिक्सर, टीव्ही, शिवणयंत्र, सगळ्यांना अभ्रे घालणारी बाई आपल्याच घरात आहे. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत न सांगता घरी जा. सापडले तर रागावू नकोस.

(इथून पुढे वाच.) अव्वा, तब्येतीला जप. १७ तारखेला शनिवारी येतोय.

मृत्युंजय

सोलापूर, ९ मे

चि. मृत्युंजय यास आशीर्वाद, वि. वि.

गेले. दार उघडेच होते. मशीनवर तुझ्या मुंजीएवढी जुनी ती मोराची चादर, चारी बाजूंनी खोचलेली, म्हणजे त्याच्या पंख्याचा आवाज गाण्यात जाऊ नये. खाली मशीन तव्यासारखे तापलेले. समोर पाटावर अव्वा बसली होती. ती मशीनला गात होती.

रोज गाते म्हणाली. मेमरीच्या पट्ट्या बसवताना तूच तिला सांगितले होतेस ना, की ही याची आठवण? तेव्हापासून तिची समजूत, मशीन चालू असले की समोर बोललेले सगळे त्याच्या आठवणीत जाते. मी कधी विचारलीही नव्हती अशी गाणी ती दुपारभर त्याला देत होती. रेकॉर्डर आणि माइक तर माझ्या कपाटात.

तेव्हा मी तिला गाऊ दिले आणि कॉलेजला परतले. संध्याकाळी मात्र खरे सांगितले, की माइकशिवाय ते काही ऐकत नाही, आणि ती आठवण तर वीज गेली की कोरी होते. तिने चादरीची घडी करत विचारले, “आठवन म्हनायचं, आनि इसरतंय व्हय?” मग आम्ही दोघी खूप वेळ हसलो.

सगळे वेग होते तिथे आणले. चादर पलंगावर गेली. आता मी निघताना माइक लावून जाते, बाकी काही सांगत नाही. काल, कुणी समोर नसताना, बारशाच्या गाण्याचे दुसरे कडवे तिला आपोआप आठवले. पेनड्राइव्ह सोबत आहे. यातला एकही आवाज मी काढलेला नाही. शेवटपर्यंत ऐक.

तुझी,
अक्का

जामनगर, १३ मे

ती. अव्वास मृत्युंजयचा शि. सा. न.

अक्काने हे पत्र एकही ओळ न गाळता वाचावे.

शेवटपर्यंत ऐकले. गाणे संपल्यावर तू मशीनला विचारलेस, “मृत्युंजया, जेवलास का रे?” आणि मग गप्प बसलीस. मागे नुसता पंखा. तू उत्तराची वाट बघत होतीस, हे मला इथे कळले. तो पंखा नसता तर गाणे तिथेच संपले, असे मला वाटले असते.

जेवलो, अव्वा. शनिवारी येतो. आवाज कसाही झाला तरी समोर बसवून पुन्हा विचार.

तुझा,
मृत्युंजय